शेवटचं प्यादं

सरदार रायाजीरावांनी दरबारात बुद्धिबळाचा एक अवघड डाव मांडला. काळ्याकडे राजा आणि एकच प्यादं उरलं होतं. "पांढऱ्याकडून मात करून दाखवा. जो करील त्याने हवं ते मागावं!"

जो तो येऊन ते फुकटचं प्यादं मारी आणि सरदार खदाखदा हसत. "आपल्या देशी पटाचा कायदा विसरलात? समोरचा राजा अगदी एकटा पडला, की डाव बरोबरीत सुटतो!"

मग म्हातारे विसाजीपंत पुढे आले. त्यांचे दोन मुलगे सरदारांच्या मोहिमांत पडले होते आणि तिसऱ्याला कालच बोलावणं आलं होतं. पंतांनी प्याद्याला हातही लावला नाही. आधी घोडा पुढे नेला, मग हत्ती सरकवून मात केली.

"वा, पंत! प्यादं बरं सोडलंत?"

"सरकार, लाकडाच्या राजाजवळसुद्धा शेवटचा सोबती ठेवावा लागतो, हे तुम्हीच आत्ता सांगितलंत. मी तर हाडामांसाचा बाप आहे."

सरदारांची मान खाली गेली. "धाकटा तुमच्याजवळच राहील, पंत. आणखी काय हवं ते मागा."

पंत मोहरे पेटीत भरत होते. "आणखी जे हवंय, सरकार, ते तुम्हाला देता यायचं नाही."