कलमाचा सांधा

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरूंकडे शिफारसपत्र मागायला आला. गुरू भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आता कोकणात आंब्याच्या बागेत रमले होते. शिष्याला डॉक्टरेटसाठी परदेशी विद्यापीठात अर्ज करायचा होता. अडचण एकच, पण डोंगराएवढी: दुसऱ्या वर्षी तो उष्णता या विषयात नापास झाला होता, आणि बाकीचे गुणही चारचौघांत सांगण्यासारखे नव्हते. पुढे मात्र त्याच विषयाने त्याला झपाटले. प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून राहून त्याने उष्णता मोजण्याची उपकरणे स्वतः बनवली, त्यांवर शोधनिबंध लिहिला. यंदा जमले नाही तर मामांनी बघून ठेवलेली बँकेतली नोकरी धरायची, असे घरात ठरले होते.

अर्जासोबतच्या निवेदनात त्याने आपली हकीकत थेट प्रयोगशाळेपासून सुरू केली होती. गुरूंनी ते वाचून बाजूला ठेवले आणि आंब्याचे एक रोप पुढे करत ते म्हणाले, "आधी हे कलम लाव."

शिष्याने खड्डा खणला. रोपाच्या खोडावर एक बेढब गाठ होती. ती दिसू नये इतके खोल रोप त्याने बसवले, माती चोपून सारखी केली आणि शाबासकीची वाट पाहत उभा राहिला. गुरूंनी वाकून रोप पुन्हा वर काढले.

"सर, काय चुकलं?"

"सांधा पुरलास. अरे, खाली गावठी रायवळ आंब्याचं रोप, वर हापूसची काडी. दोन्ही जिथे जुळली ती ही जागा. ती मातीत गेली की कुजते. आणि कलम विकत घेताना गिऱ्हाईक आधी हीच गाठ बघतं. ती दिसलीच नाही, तर हे कलम आहे यावर कोण विश्वास ठेवेल? तुझी गुणपत्रिका विद्यापीठाच्या हातात पडणारच आहे. नापास झालास त्याच विषयाच्या मागे कसा लागलास, तेवढंच नेमकं तू झाकलंस!"

शिष्य ओशाळला. त्याने सांधा मातीच्या वर ठेवून कलम पुन्हा लावले. मग ओटीवर बसून निवेदनही नव्याने लिहिले. त्यात नापास झाल्याचे सांगितले, सबबी सांगितल्या नाहीत.

तोवर गुरूंचे शिफारसपत्र तयार झाले होते. पहिलेच वाक्य होते: 'या विद्यार्थ्याला दुसऱ्या वर्षी मीच नापास केले होते.'

शिष्याने ते वाचले. खोडायला सांगावे, असे त्याला वाटले नाही.