चुकून की मुद्दाम?

ढवळपूर गावात मल्हारी नावाचा एक मंडपवाला राहायचा. इतका भोळा, की "जरा थांब" म्हटलं तर श्वाससुद्धा थांबवायचा. घरात सांगायचं काम बायकोचं, सुंद्राचं. ऐकायचं काम मल्हारीचं.

एकदा तलाठ्यांकडे बारसं होतं. सुंद्रा म्हणाली, "अहो, बाळ दाखवलं की म्हणायचं, 'अगदी बापावर गेलंय!'"

मल्हारी घोकत निघाला. वाटेत सरपंच गोठ्यात रेडकाला कुरवाळत उभे होते. म्हणाले, "मल्हारी, कालच झालं बघ आमचं बाळ!"

मल्हारीनं रेडकाकडे पाहिलं. सरपंचांकडे पाहिलं. "अगदी बापावर गेलंय!"

सरपंचांनी चप्पल काढली. जत्रेच्या मंडपाचं काम गेलं. मल्हारी धापा टाकत घरी आला.

"अरे देवा!" सुंद्रा म्हणाली. "अशा वेळी हात जोडायचे अन् म्हणायचं, 'चुकून झालं, माफ करा.' जा आता बारशाला."

मल्हारी गेला. तलाठ्यांनी कौतुकानं पाळण्यातलं दुपटं सारलं. सगळं घर बघत होतं. मल्हारीनं हात जोडले. "चुकून झालं, माफ करा."

तलाठीणबाईंनी घुगऱ्यांचं पातेलं उचललं. वाटायला नव्हे.

"अहो, आनंदाच्या घरी असं बोलतात का?" सुंद्रानं त्याच्या केसांतले हरभरे वेचले. "तिथं आपल्या कामाबद्दल कुणी विचारलं की म्हणायचं, 'मुद्दाम केलं, खास तुमच्यासाठी!'"

पुढच्या आठवड्यात एका लग्नात मल्हारीनं मंडप घातला. दोर कुजका होता. आपोआप तुटला आणि बांबू धाडकन पिराजी बँडवाल्याच्या ढोलावर पडला. ढोल फाटला.

पिराजी ओरडला, "अरे, काय केलंस हे?"

लग्नघर म्हणजे आनंदाचं घर. मल्हारी गोड हसला. "मुद्दाम केलं, खास तुमच्यासाठी!"

त्यानंतर त्याला कुणी मंडपाला बोलावेना. कापडवाला, बांबूवाला, खुर्च्यावाला, सगळ्यांची देणी थकली. शेवटी दिवाळं निघालं. पेडणेकर वकिलांनी त्याच्या वतीनं कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला.

जजसाहेब म्हणाले, "बाकीची देणी माफ होतील. पण जाणूनबुजून कुणाचं नुकसान केलं असेल, तर दिवाळं निघालं तरी ते देणं सुटत नाही. ढोल मुद्दाम फोडला म्हणतात."

"हाच म्हणाला, साहेब! सगळ्या वऱ्हाडानं ऐकलं!" पिराजी म्हणाला.

वकील मल्हारीच्या कानाला लागले. "आता एकच बोलायचं, 'चुकून झालं, साहेब.' दुसरा शब्द काढायचा नाही."

जजसाहेबांनी विचारलं, "ढोल कसा फुटला?"

"चुकून झालं, साहेब."

वकिलांनी कुजका दोर दाखवला. जजसाहेबांनी तो ओढला, तो हातातच तुटला. ते हसले. "खरं दिसतंय. ढोलाचंही माफ."

सुंद्रानं पदर डोळ्यांना लावला. पिराजी मटकन खाली बसला. जजसाहेबांनी सहीसाठी पेन उघडलं.

"शेवटचं विचारतो. दिवाळखोरीचा हा अर्ज तुम्ही स्वतः, विचार करून केलात ना?"

"चुकून झालं, साहेब."

वकिलांच्या हातातली फाईल पडली.

"म्हणजे अर्ज रद्द करू?" जजसाहेबांनी डोळे विस्फारले. "सगळी देणी पुन्हा अंगावर येतील. कळतंय ना? हा अर्ज तुम्हाला हवा होता की नाही?"

मल्हारीनं हात जोडले. "चुकून झालं, साहेब."

अर्ज रद्द झाला. पिराजी उठून नाचायला लागला. कापडवाला, बांबूवाला, खुर्च्यावाला, सगळे दाराशी मल्हारीची वाट बघत उभे राहिले.

मल्हारी छाती पुढे काढून सुंद्राकडे आला. "बघितलंस? आज एक शब्दसुद्धा चुकला नाही!"