महालाची प्रत कितवी?

लोण्याचा गोळा ताटलीत ठेवून धोंडाजींनी दार लावलं, आणि वळून पाहतात तर गोळ्याचं पाणी! तेही राजाच्या नव्याकोऱ्या संगमरवरी महालात. धोंडाजींना घाम फुटला, आणि तो काही नुसत्या उकाड्यानं नव्हे.

कातळपूरच्या राजाचा हुकूमच तसा होता. उन्हाळा आला की पंखे ओढण्यात आणि वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारण्यात अर्धं राज्य जुंपलेलं असायचं. म्हणून प्रत्येक राहत्या घरावर दाखला हवा. दारं-खिडक्या लावून आत लोणी ठेवायचं. दिवेलागणीपर्यंत टिकलं तर पहिली प्रत, लगेच वितळलं तर पाचवी. पाचव्या प्रतीचं घर पाडायचं, रिकाम्याला मात्र दाखला नको. राहतं म्हणजे माणूस भर दुपार जिथे काढतो ते, हेही राजानंच लिहिलं होतं. परीक्षक होते धोंडाजी, आणि लोण्याचं मडकं सांभाळायची त्यांची लेक हौसा.

बाहेर झाडाखाली राजा वाट पाहत होता. "कितवी प्रत?"

"महाराज, आजचं लोणीच जरा पातळ होतं."

"लोण्याला नावं ठेवू नका. उद्या दरबारात माझ्या राहत्या घराचा दाखला वाचा. पहिलीच प्रत हवी, आणि त्यात एक अक्षर खोटं नको. जमत नसेल तर बिऱ्हाड उचला आणि राज्याबाहेर व्हा."

घरी येऊन धोंडाजी भांडी बांधायला लागले. या वयात जायचं तरी कुठे! हौसाला ते बघवेना.

"बाबा, तवा तेवढा सोडा. भाकरी टाकायची आहे. आणि दाखला उद्या मी वाचते."

दुसऱ्या दिवशी भरल्या दरबारात ती खणखणीत आवाजात म्हणाली, "महाराजांचं राहतं घर. प्रत पहिली. लोणी दिवेलागणीपर्यंत जसंच्या तसं."

"साफ खोटं!" प्रधानजी उसळले. "त्या महालात घटकाभर बसवत नाही."

बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"महालाचं कोण म्हणतंय, प्रधानजी? हा दाखला बागेतल्या माळ्याच्या झोपडीचा आहे."

राजा लालबुंद झाला. "मी झोपडीत राहतो?"

"गेल्या आठवड्यात आम्ही सकाळी तिथे लोणी ठेवलं आणि दुपारी बघायला गेलो, तर दाराशी मोत्यांच्या मोजड्या काढून ठेवलेल्या. पुढे तीन दिवस दुपारी मुद्दाम जाऊन पाहिलं, तिन्ही दिवस तेच. आत कोण घोरत होतं ते मी पाहिलं नाही. पण माळी तेव्हा बाहेर झाडांना पाणी घालत होता, आणि त्या मोजड्या आत्ता आपल्या पायांत आहेत."

राजानं पाय हळूच सिंहासनाखाली घेतले. दरबारात कुणी हसायची हिंमत करेना.

"बरं," राजा घसा खाकरून म्हणाला, "मग माझ्या महालाचं काय?"

"तो दुपारी रिकामा असतो, महाराज. रिकाम्याला दाखला लागत नाही. आपण राहायला गेलात तर मात्र पाडावा लागेल!"

राजा असा हसला की मुकुट सावरावा लागला. त्यानं हौसाला मुख्य परीक्षक नेमलं, लोण्यासाठी एक दुभती म्हैस तिच्या दारात बांधली, आणि महालात राज्याचं धान्य भरायला सांगून तो झोपडीकडे निघाला. दुपार व्हायला आली होती.