सायाळबाईच्या चिठ्ठ्या

संत्र्याच्या बागा माकडंच करायची, त्या काळातली गोष्ट. डिंक्या रोग आला की झाडांच्या बुंध्यातून डिंक गळायचा आणि बागच्या बाग वाळून जायची. शेवटी माकडांनी दरवर्षी घरटी एक टोपली संत्री सायाळीला द्यायचं ठरवलं. मुळांचं तिच्याइतकं कोणाला कळत होतं? "रोग येतो कुठून, तेवढं शोधा," माकडं म्हणाली.

सायाळीने चार वर्षं माती उकरली. रोग विकतच्या रोपांच्या मुळांतूनच येत होता. मग तिने स्वतः निरोगी रोपं वाढवली आणि प्रत्येकाला आपल्या काट्याने चिठ्ठी टोचली : 'मुळं तपासली आहेत.'

वाटपाच्या दिवशी माकडांचा म्होरक्या नाक मुरडून म्हणाला, "सायाळबाई, एवढुशीच? कोल्हा विकतोय ती रोपं कमरेइतकी आहेत! आम्ही तीच घेतली."

"त्यांची मुळं पाहिलीत?"

"मुळं काय बघायची? ती मातीतच जाणार! तुम्ही चिठ्ठ्या तेवढ्या द्या. कोल्ह्याच्या रोपांना लावतो, म्हणजे झालं. चार वर्षं टोपल्या दिल्यात, फुकट नाही मागत."

सायाळीने कपाळावर हात मारला. सगळ्या चिठ्ठ्या उपटून तिने त्याच्या ओंजळीत कोंबल्या.

"घेऊन जा. आणि डिंक्या आला, की त्याला मोठ्याने वाचून दाखवा!"