न वाजलेला पत्रा

धोंडिबा गवळी बेसबॉलचा पंच. त्याचे घर मैदानाच्या कुंपणाला लागूनच होते. बायको वारल्यापासून तो तिथे एकटाच राही.

अंतिम सामन्यात क्लबचे चेअरमन हणमंतराव यांच्या पुतण्याने मारलेला चेंडू धुळीच्या लोटात कुंपणापार गेला. थेट गेला तर होम रन, म्हणजे पूर्ण फेरी, आणि सामना खिशात. टप्पा पडून गेला तर दोनच बेस, म्हणजे अर्धीच फेरी. धोंडिबाने दोन बोटे वर केली.

हणमंतराव मैदानात उतरले. "चेंडू थेट गेला. या धुळीत तुला काय दिसलं रे?"

"दिसलं काही नाही, साहेब. ऐकूही काही आलं नाही. म्हणूनच दोन बेस."

"निकाल बदल. नाहीतर उद्यापासून इथं पाय ठेवू नकोस."

"थेट चेंडू माझ्या घराच्या पत्र्यावर आदळून मागच्या ओढ्यात जातो. टप्प्याचा अंगणात पडतो. नऊ वर्षं त्या घरी चेंडूंशिवाय कोणी आलं नाही. पत्रा वाजला असता तर मला कळलं नसतं होय? जाऊन बघा."

हणमंतराव तावातावाने गेले. चेंडू उंबऱ्यापाशीच पडला होता. तो उचलून ते परतले.

नऊ वर्षांनी त्या अंगणात माणूस आला, तेव्हा दाराला कुलूप होते.