ओलं झालं तर धुऊ

"मन ताब्यात कसं ठेवायचं ते तुम्ही शिकवता, भंतेजी. पण ज्याचं शरीरच ताब्यात नाही, त्यानं काय करायचं?"

प्रश्न दारातूनच आला. विचारणारा आत आलाच नव्हता.

वैनगंगेकाठच्या टेकडीवरचा छोटा विहार. भंते खेमरत्न जेवण आटोपून आसनावर बसले होते. दारात दयाराम खोब्रागडे उभे. निवृत्त पोलीस निरीक्षक. ताठ कणा, पिळदार मिशी. एकेकाळी त्यांच्या नुसत्या खाकरण्यानं बाजारातली भांडणं थांबत.

"बसा, दयारामजी."

"उभा बरा आहे."

"सतरंजी अंथरलीय."

"म्हणूनच."

भंते उठले. स्वतःचं आसन उचललं आणि दारापाशी नेऊन अंथरलं.

"यावर बसा."

"हे तुमचं... ओलं होईल, भंतेजी."

"ओलं झालं तर धुऊ."

दयाराम बसले. बोलायला लागले ते खाली बघतच.

लघवी अडखळायला लागली तेव्हा त्यांनी ते वयावर ढकललं होतं. मग रक्ताची तपासणी झाली, मग तुकडा काढून तपासणी. त्या तपासणीला ते एकटेच नागपूरला गेले. बायकोला, वनमालाला, सांगितलं, जुन्या दोस्ताला भेटायला चाललोय. रिपोर्ट आला, प्रोस्टेटचा कॅन्सर, तेव्हा मात्र लपवता आलं नाही. वेळेत सापडला होता. ऑपरेशन करून ग्रंथीच काढून टाकली. "नशीबवान आहात," डॉक्टर म्हणाले. पुढे लघवीची नळी निघाली आणि तेव्हापासून खोकलं, शिंकलं, नुसतं उठलं तरी गळती.

"थांबेल म्हणतात हळूहळू. व्यायाम सांगितलेत. तपासणीला बोलावलंय."

"जाता?"

"नाही."

"का?"

"तिथं बाकावर बसावं लागतं. चार लोकांत."

"आणि घरी?"

"वेगळ्या खोलीत झोपतो. वनमाला पहाटे येते, चादर काढून नेते. मी झोपेचं सोंग घेतो. मी जागा आहे हे तिला कळतं... पण तीही न कळल्यासारखं करते."

"तिला काय म्हणालात?"

"काय म्हणणार? मी कधी कुणाकडून काही घेतलं नाही, भंतेजी. नोकरीत नाही, घरात नाही. मला द्यायचंच ठाऊक."



दयाराम जायला उठले. आसनावर ओला डाग उमटला होता. ते झटकन वाकले, पण भंतेंनी आसन आधीच उचललं होतं. ते घेऊन भंते मागच्या हौदापाशी गेले, उकिडवे बसले आणि साबण लावून चोळायला लागले.

"पाया पडतो, भंतेजी. द्या ते इकडे. मी धुतो."

"तुमच्याहून जास्त वेळा मीच भिजवलंय हे."

दयारामांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"हेच दुखणं होतं मला. ऑपरेशन जमण्यासारखं नव्हतं, मशिनीवर किरणांचे शेक दिले. सगळा उन्हाळा असाच गेला."

"मला कधी कळलं नाही."

"तुमची तेव्हा बाहेर बदली होती. विहारात येणाऱ्या बायांना सगळं ठाऊक होतं. त्याच धुवायच्या."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. फार वाटली. मग एक दिवस पात्र घेऊन भिक्षेला निघालो, आणि माझं मलाच हसू आलं. भातासाठी रोज हात पुढे करतो... आणि माया मिळायला लागली की मागे घेतो. कसला मी भिक्खू?"

भंतेंनी आसनाचं एक टोक दयारामांच्या हातात दिलं. दोघांनी मिळून ते पिळलं, झटकलं, दोरीवर वाळत घातलं.

"जा आता. उद्या पहाटे सोंग घेऊ नका."

दुसऱ्या दिवशी वनमालाबाई चादर काढायला वाकल्या, तेव्हा दयाराम उठून बसले.

"झोपा तुम्ही," त्या पुटपुटल्या.

"नाही. थांब जरा." त्यांनी चादरीचं दुसरं टोक धरलं. "तू आहेस म्हणून चाललंय माझं... हे सांगायचं राहिलं होतं."

वनमालाबाई चादर हातात धरून पलंगाच्या कडेवर टेकल्या. डोळे पुसले, पुन्हा भरून आले.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "तुम्ही दवाखान्यातून अजून घरी आलाच नाहीत."

त्याच आठवड्यात दोघं नागपूरला गेली. चार लोकांत बाकावर बसली. रक्तात कॅन्सरचा माग उरला नव्हता. व्यायाम सुरू झाले. गळती कमी होत गेली. साफ थांबली नाही. जोरात हसलं की अजून व्हायची. आणि हल्ली दयाराम जोरात हसायचे.

पावसाळा सरल्यावर दोघं टेकडी चढून आली, वंदन करून सतरंजीवर बसली. वनमालाबाईंनी माठातलं पाणी आणून नवऱ्याला दिलं. दयारामांनी नुसते ओठ ओले केले आणि पेला बाजूला ठेवला. ऑपरेशनपासून लागलेली ती सवय: पाणी जितकं कमी, तितकी धास्ती कमी.

"जगलो, भंतेजी," ते म्हणाले. "सकाळी ऊन अंगावर आलं तरी ऊर भरून येतो. डॉक्टरांना हात जोडले. हिला जोडले. तुम्हाला जोडतो. तरी आत काहीतरी द्यायचं उरतंच... ते कुणापुढे ठेवू?"

भंतेंनी पेला उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"आधी हे सगळं पाणी प्या."