गिरणीतलं युद्ध

आमच्या पिठाच्या गिरणीत एकच कायदा चालतो: माणूस कुठेही जावो, रांगेतला डबा त्याचा नंबर राखतो. पण निवृत्त तहसीलदार भालेकरसाहेब स्वतः डब्याशेजारी उभे राहतात आणि जगभरातली युद्धं लढतात. वैताग म्हणजे, त्यांचं भाषण संपेपर्यंत गिरणी सुरू करायची नाही. आवाजात ऐकू येत नाही म्हणे! आणि नंबर नेमका त्यांचाच पहिला.

त्या सकाळी साहेब पेटलेच होते. “सीमा, करार, सगळं थोतांड! सरळ घुसायचं, जागा बळकावायची, बोलणी नंतर. मी एआयला विचारलं, तोही म्हणाला, साहेब, अगदी बरोबर!”

मागे नर्स कुंदाताई ड्यूटीला उशीर होतोय म्हणून कासावीस झाल्या होत्या. गिरणीवाल्या शेवंताबाईंनी साहेबांचा डबा उचलला, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला आणि कुंदाताईंचे गहू चक्कीत ओतले.

“अहो, तो माझा नंबर होता!” साहेब ओरडले.

“होता ना. आम्ही घुसलो, जागा बळकावली,” शेवंताबाई म्हणाल्या. “बोलणी नंतर. तोवर एआयला विचारा, तो आम्हालाही अगदी बरोबरच म्हणेल.”

आणि त्यांनी गिरणीचं बटण दाबलं.